नऊ वर्षांचा हिशेब: फिलिपिनो प्रांतिक राजकारण्याची कारकीर्द कशी वाचावी

प्रश्न असा आहे: फिलिपाइन्समधल्या एका नेत्याच्या माहितीत ‘गव्हर्नर १९९५–२००४, काँग्रेस सदस्य २००४–२०१३, पुन्हा गव्हर्नर २०१६–२०२५’ अशी नोंद दिसते. हा माणूस राज्यपाल होता की मुख्यमंत्री? दर नऊ वर्षांनी पद का बदललं? मधली तीन वर्षं तो कुठे होता?

या तारखा बातांगास प्रांताच्या एर्मिलांदो मंदानास यांच्या आहेत. लोक त्यांना ‘दोदो’ म्हणतात. उदाहरण चांगलं सापडलं आहे, कारण फिलिपिनो प्रांतिक राजकारणाचं गणित आणि त्यामागचा पैसा, दोन्ही या एका कारकिर्दीत दिसतात.

आधी शब्दांचं बघू, कारण मराठीत तिथेच पहिली ठेच लागते. ‘गव्हर्नर’चं भाषांतर ‘राज्यपाल’ केलं की पुढचं सगळं चुकतं. फिलिपाइन्स हे एकात्म राष्ट्र आहे, तिथे आपल्यासारखी घटक राज्यं नाहीत. मनिलातलं केंद्र सरकार आणि त्याखाली थेट ८२ प्रांत. प्रांताखाली शहरं आणि नगरपालिका, त्यांच्याखाली बरंगाय, म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत किंवा वॉर्ड. प्रांताचा आवाका आपल्या जिल्ह्याएवढा असतो. २०२० च्या जनगणनेत बातांगासची लोकसंख्या २९ लाखांच्या आसपास होती. म्हणजे गव्हर्नरची तुलना करायचीच तर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाशी करावी, पण दोन मोठे फरक लक्षात ठेवून. आपला अध्यक्ष सदस्यांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो, फिलिपिनो गव्हर्नरला अख्खा प्रांत थेट मत देतो. आणि गव्हर्नरच्या डोक्यावर जिल्हाधिकारी नसतो. दवाखाने, प्रांतिक रस्ते, कर्मचारी, आपत्ती निवारण, सगळ्याची सही त्याचीच. ‘काँग्रेस सदस्य’ हे मात्र राष्ट्रीय कनिष्ठ सभागृहाचं पद आहे, आपल्याकडच्या खासदारासारखं. त्याचा प्रांतिक मंडळाशी संबंध नाही. आपल्याकडच्या बातम्यांत या दोहोंची गल्लत नेहमी होते.

आता नऊ वर्षांचं. १९८७ च्या संविधानाने स्थानिक पदांची मुदत तीन वर्षांची ठेवली आणि एका पदावर सलग तीन मुदतींची कमाल घातली. बरंगायचा नियम वेगळ्या कायद्याने ठरतो. कनिष्ठ सभागृहालाही हीच तीन गुणिले तीनची मर्यादा आहे. निवडणूक मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, मुदत ३० जूनच्या दुपारी बाराला सुरू होते आणि तीन वर्षांनी त्याच ठोक्याला संपते. म्हणून कुठल्याही फिलिपिनो नेत्याच्या माहितीत १९९५, १९९८, २००१, २००४ अशी तीनच्या टप्प्यांची वर्षं दिसतात. मधलंच एखादं वर्ष दिसलं, तर तिथे मृत्यू, बडतर्फी, निवडणूक याचिका किंवा परत बोलावण्याची निवडणूक यांपैकी काहीतरी घडलेलं असतं.

कळीचा शब्द ‘सलग’ आहे. मर्यादा त्या पदावरच्या सलग मुदतींना आहे, आयुष्यभराला नाही. एक मुदत बाहेर बसलं की पाटी कोरी होते, आणि पुन्हा नऊ वर्षांचा रस्ता खुला. दुसरं पद लढवायला तर एक दिवसही थांबावं लागत नाही. २००१ च्या कायद्याने लोकनियुक्त पदाधिकाऱ्याला अर्ज भरतानाच राजीनामा देण्याची अटही उठली, त्यामुळे गव्हर्नर खुर्चीत बसूनच काँग्रेसचा अर्ज भरतो. मंदानास यांचे आकडे आता आपोआप उलगडतात: १९९५ ते २००४ गव्हर्नरपदाच्या तीन मुदती, २००४ ते २०१३ दुसऱ्या मतदारसंघातून काँग्रेसच्या तीन मुदती. २०१३ मध्ये गव्हर्नरची खुर्ची विल्मा सांतोस यांच्याकडे होती आणि त्यांची तिसरी मुदत सुरू होत होती. २०१६ मध्ये त्यांनाही मर्यादा लागली, खुर्ची रिकामी झाली आणि मंदानास परतले. कारकिर्दीतली मोकळी जागा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या तिसऱ्या मुदतीची सावली असते. म्हणून एकाची माहिती वाचताना शेजारी त्याच पदावरच्या लोकांची यादी उघडून ठेवावी. एकट्याच्या तारखांवरून काहीच कळत नाही.

नियम सोपा वाटतो, पण ‘सलग’ कधी तुटतं यावर सर्वोच्च न्यायालयात ढीगभर निकाल पडलेत. त्यातले चार पाठ असले की बहुतेक कोडी सुटतात. पातेरोसचा उपनगराध्यक्ष १९८९ मध्ये नगराध्यक्षाच्या मृत्यूमुळे खुर्चीवर आला, मग १९९२ आणि १९९५ मध्ये निवडून आला. १९९८ चा त्याचा अर्ज न्यायालयाने वैध ठरवला, कारण वारसाहक्काने मिळालेला तुकडा ‘निवडून आलेली मुदत’ धरला जात नाही. पुएर्तो प्रिन्सेसाचे एडवर्ड हेगडॉर्न १९९२ ते २००१ महापौर होते. २००१ मध्ये पालावानच्या गव्हर्नरपदाला उभे राहून हरले आणि घरी बसले. सप्टेंबर २००२ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या महापौराला परत बोलावण्याची निवडणूक लागली, हेगडॉर्न त्यात उतरले आणि जिंकले. मधले सुमारे पंधरा महिने ते साधे नागरिक होते, तेवढ्यानं सलगपणा तुटला, असं न्यायालयाने म्हटलं. उलट बाजूला दिगोस. तिथल्या नगराध्यक्षाच्या तीन मुदती सुरू असताना नगरपालिकेचं शहर झालं, आणि ‘महापौर हे नवं पद आहे’ असा त्याचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला: हद्द तीच, माणसं तीच, पद तेच. २००९ चा निकाल सांगतो की चौकशीदरम्यानच्या निलंबनाने मुदत तुटत नाही, कारण निलंबित माणूस पदावरून उतरलेला नसतो, फक्त काम करू शकत नाही. आणि संविधानातच लिहिलंय की स्वतःहून राजीनामा दिला तरी सलगपणा तुटत नाही. ही शेवटची तरतूद नसती तर प्रत्येक जण तिसऱ्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात राजीनामा देऊन मोकळा झाला असता.

घराणेशाही मोडावी म्हणून ही मर्यादा आली. झालं उलटं, आणि हे कटू असलं तरी आकडे तेच सांगतात. पूर्वी एक माणूस वीस वर्षं एका खुर्चीवर बसायचा, घरच्यांना पदाची गरज पडत नसे. आता नऊ वर्षांनी उठावं लागतं, तर जागा राखायला विश्वासू माणूस हवा, आणि बायको-मुलापेक्षा विश्वासू कोण? मग खो-खो सुरू होतो: नवरा महापौर, बायको काँग्रेसमध्ये, नऊ वर्षांनी एकमेकांना खो. फक्त जागा धरून ठेवणाऱ्या नातेवाइकाला तिथे ‘बेंचवॉर्मर’ म्हणतात, बाक ऊबदार ठेवणारा. संविधानातच ‘राजकीय घराण्यांना कायद्याने ठरेल त्याप्रमाणे मनाई’ असं वाक्य आहे, पण तो कायदा करायचा काँग्रेसने, आणि काँग्रेस घराण्यांचीच. अपवाद एकच. बरंगाय पातळीवरच्या युवक परिषदेच्या २०१६ च्या सुधारणा कायद्यात, ज्याचे आई-वडील, भावंडं किंवा आजी-आजोबा त्या भागात निवडून आलेले पदाधिकारी असतील, त्याला उभं राहता येत नाही. म्हणजे घराणेशाहीची मनाई फक्त अठरा ते चोवीस वयाच्या पोरांना!

बातांगासमध्येच पाहा. विल्मा सांतोस या फिलिपिनो चित्रपटांतल्या मोठ्या अभिनेत्री. १९९८ ते २००७ लिपा शहराच्या महापौर, २००७ ते २०१६ गव्हर्नर. नंतर काय? २०१५ मध्ये कायदा होऊन लिपा शहराचा स्वतंत्र, सहावा मतदारसंघ तयार झाला, आणि २०१६ मध्ये त्याच्या पहिल्या प्रतिनिधी त्याच झाल्या. २०२२ मध्ये ती जागा त्यांचे पती, तोवर सिनेटर असलेले राल्फ रेक्तो यांच्याकडे गेली. रेक्तो जानेवारी २०२४ मध्ये अर्थमंत्री झाले. २०२५ मध्ये तिथून त्यांचा मुलगा निवडून आला आणि विल्मा सांतोस पुन्हा गव्हर्नर. यात बेकायदा काही नाही. लिपामध्ये त्यांच्या कामाला मत देणारेही पुष्कळ आहेत. पण ‘नवा चेहरा’ म्हणून बातमी आली, की आधी आडनाव आणि मग मतदारसंघाचा जन्म कधीचा, एवढं तपासावं.

वरच्या पायऱ्या दिसतात, खालच्या नाहीत, आणि खरी चढाई तिथेच होते. गव्हर्नर किंवा प्रांतिक मंडळाच्या सदस्यासाठी किमान वय २३, नगरपालिकेच्या प्रमुखासाठी २१, नगरसेवकासाठी १८. रहिवास एक वर्षाचा, आणि फिलिपिनो किंवा स्थानिक भाषा लिहिता-वाचता यावी. बस, शिक्षणाची अट नाही. प्रांतिक मंडळाला ‘सांगुनियांग पानलालाविगान’ म्हणतात. निवडून आलेल्या सदस्यांशिवाय तिथे तीन पदसिद्ध जागा असतात: बरंगाय प्रमुखांच्या संघाचा अध्यक्ष, नगरसेवकांच्या संघाचा अध्यक्ष आणि युवक परिषदांच्या महासंघाचा अध्यक्ष. ही चोरवाट फार कामाची आहे. एका बरंगायात दोन-चार हजार मतांनी निवडून आलेला माणूस इतर बरंगाय प्रमुखांची मोट बांधतो, संघाचा अध्यक्ष होतो आणि प्रांतभर प्रचार न करता प्रांतिक मंडळात बसतो. बातांगासमध्ये एक हजाराहून जास्त बरंगाय आहेत. गव्हर्नरपदाच्या उमेदवाराची ताकद मोजायची तर त्याच्या सभेतली गर्दी मोजू नये, या हजारातले किती बरंगाय प्रमुख त्याच्यासोबत आहेत ते विचारावं. मतदाराला दाराशी ओळखणारे तेच.

आता पैसा, आणि इथे मंदानास यांचं नाव साऱ्या देशाच्या हिशेबात आलं.

१९९१ चा स्थानिक शासन कायदा, जो १ जानेवारी १९९२ पासून लागू झाला, सांगतो की राष्ट्रीय अंतर्गत महसुलाचा ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना जावा. त्या चाळीसची वाटणी ठरलेली आहे: प्रांतांना २३ टक्के, शहरांना २३, नगरपालिकांना ३४, बरंगायांना २०. म्हणजे १०० पेसो कर गोळा झाला तर ४० खाली येतात. त्यातले ९ पेसो २० सेंताव्हो सगळ्या प्रांतांचे, तेवढेच शहरांचे, १३ पेसो ६० नगरपालिकांचे आणि ८ पेसो बरंगायांचे. प्रत्येक गटातली पुढची वाटणी ५० टक्के लोकसंख्येवर, २५ टक्के क्षेत्रफळावर आणि २५ टक्के सर्वांना समान (बरंगायांचं सूत्र थोडं निराळं). हा समान हिस्सा फार खोड्या करतो. शहरांची संख्या नगरपालिकांपेक्षा खूप कमी, मग शहर झालं की तोच समान हिस्सा एकदम मोठा होतो. म्हणून प्रत्येक नगरपालिका शहर व्हायला बाशिंग बांधून बसलेली. २००१ मध्ये त्यासाठीची उत्पन्नाची अट २ कोटींवरून १० कोटी पेसो केली, तरी २००७ मध्ये सोळा नगरपालिका खास कायद्यांनी शहरं झाल्या, आणि त्यावर न्यायालयाने २००८ ते २०११ मध्ये अनेकदा निकाल फिरवला.

याच कायद्याने आरोग्यसेवा खाली ढकलली. प्रांतिक आणि जिल्हा रुग्णालयं, डॉक्टर, परिचारिका, सगळे पगार प्रांतांच्या गळ्यात पडले. प्रांतांना जास्त ओझं मिळालं आणि शहरांना त्या मानाने जास्त पैसा. गव्हर्नर दर भाषणात रुग्णालयावर बोलतो ते याचमुळे. अंदाजपत्रकातला मोठा लचका तिथे जातो.

संविधानाच्या दहाव्या प्रकरणात लिहिलंय की स्थानिक संस्थांना ‘राष्ट्रीय करां’त न्याय्य वाटा मिळावा आणि तो आपोआप सुटावा. कायद्यात मात्र शब्द पडले ‘राष्ट्रीय अंतर्गत महसूल कर’. या जादा शब्दांमुळे बंदरांवर सीमाशुल्क खात्याने गोळा केलेला पैसा, आयातीवरचा मूल्यवर्धित करही, हिशेबाबाहेर राहिला. बातांगासचं बंदर इंधनाच्या आयातीसाठी मोठं. तिथल्या नेत्याला ही त्रुटी डोळ्यांसमोर दिसणारच. मंदानास यांनी काँग्रेसमध्ये असताना प्रांतातल्या इतर पदाधिकाऱ्यांसह सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. बातानचे एन्रिके गार्सिया यांची तशीच वेगळी याचिका होती. ३ जुलै २०१८ रोजी निकाल लागला: ‘अंतर्गत महसूल’ हे शब्द घटनाबाह्य, सर्व राष्ट्रीय कर धरा. मागची थकबाकी मात्र नाही, निकाल पुढच्या काळालाच लागू. एप्रिल २०१९ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. याचिका टाकली तेव्हा काँग्रेस सदस्य, निकाल लागला तेव्हा गव्हर्नर. ‘मंदानास निकाल’ हे नाव आज फिलिपाइन्सच्या प्रत्येक नगरपालिकेच्या लेखापालाला पाठ असतं.

अंमल २०२२ च्या अंदाजपत्रकापासून झाला, कारण वाटा तीन वर्षांपूर्वीच्या वसुलीवर काढतात. २०२१ मध्ये साधारण ६९५ अब्ज पेसो होते, २०२२ मध्ये ९५९ अब्ज झाले. सगळीकडे आनंदीआनंद. आणि इथेच पुष्कळांचं गणित चुकलं. २०२३ चा वाटा २०२० च्या वसुलीवर, म्हणजे टाळेबंदीच्या वर्षावर निघाला, आणि आकडा ८२० अब्जांवर घसरला. ज्यांनी २०२२ मध्ये उत्साहाने कायम नोकरभरती केली त्यांची पंचाईत झाली. पगारावरचा खर्च मागच्या वर्षीच्या नियमित उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही (गरीब वर्गातल्या संस्थांना ५५). वाढलेल्या वर्षाच्या मापाने भरती केली आणि उत्पन्न घटलं, तर ही टक्केवारी दुसऱ्या वर्षी फुटते. शहाणे गव्हर्नर अशा जादा पैशात रस्ते, यंत्रं, इमारत अशा एकदाच्या गोष्टी करतात. तशीही वाट्यातली २० टक्के रक्कम विकासकामांसाठी राखून ठेवावीच लागते, त्यातून पगार देता येत नाही. शिवाय निकालानंतर जून २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी १३८ क्रमांकाचा आदेश काढून आणखी कामं खाली सोपवायचा आराखडा मागितला. पैसा हवा ना, मग कामही घ्या.

स्वतःच्या उत्पन्नात जमीन-इमारतींचा कर येतो. नगरपालिकेच्या हद्दीतल्या मूळ करापैकी ३५ टक्के प्रांताला, ४० नगरपालिकेला, २५ बरंगायला. पण गव्हर्नरची खरी पकड वाळू-खडीवर. तिचा परवाना फक्त गव्हर्नर देतो. कर बाजारभावाच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि त्याची वाटणी प्रांताला ३०, नगरपालिकेला ३०, बरंगायला ४०. पिनातुबो ज्वालामुखी १९९१ मध्ये उसळल्यावर पाम्पांगा प्रांतात लाहारच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेच्या चिखलाच्या, गाळाची उत्तम वाळू डोंगराएवढी साचली. २००७ मध्ये तिथे एड पानलिलिओ नावाचे कॅथलिक पाद्री जेमतेम अकराशे मतांनी गव्हर्नर झाले. त्यांच्या काळात वाळूची वसुली दिवसाला दहा लाख पेसोंच्या घरात गेली. पैसा येत होता, तरी बहुतेक नगराध्यक्ष आणि प्रांतिक मंडळ त्यांच्याशी फटकून राहिले. २०१० मध्ये ते हरले. नगराध्यक्ष विरोधात असले तर चांगली वसुलीही मतं आणत नाही.

मंडळाशी वाकडं असलं की गव्हर्नरचं घोडं कुठे अडतं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. उपगव्हर्नर वेगळ्या मताने निवडला जातो. दोघे विरोधी पक्षांचे असणं नेहमीचं. मंडळाचं अध्यक्षपद उपगव्हर्नरकडे. गव्हर्नरने १६ ऑक्टोबरपर्यंत पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंडळापुढे ठेवायचं असतं. डिसेंबरअखेर ते मंजूर झालं नाही, तर जुन्याच अंदाजपत्रकातले पगार, कायदेशीर देणी आणि अत्यावश्यक खर्च तेवढे चालू राहतात, नवीन काम एकही सुरू होत नाही. करार करायलाही मंडळाची परवानगी लागते. ती न घेता सही केली, की लेखापरीक्षण आयोग तो खर्च नामंजूर करतो आणि सही करणाऱ्याच्या खिशातून वसुली लागू शकते. पोलीस राष्ट्रीय आहेत. प्रांताचा पोलीसप्रमुख गव्हर्नर निवडतो, पण विभागीय पोलीस संचालकाने दिलेल्या तीन नावांतून. उलट खजिनदाराची नेमणूक अर्थमंत्री करतो, गव्हर्नरने सुचवलेल्या किमान तीन नावांतून. अशा जोड्या लावून ठेवलेल्या, म्हणजे एकानं दुसऱ्याचं नाक दाबावं.

आपत्तीचा पैसा निराळा. २०१० च्या कायद्याने नियमित उत्पन्नाच्या अंदाजाच्या किमान ५ टक्के रक्कम आपत्ती निधीत ठेवायची. तिच्यातली ३० टक्के रक्कम तातडीच्या मदतीसाठी बाजूला. उदाहरणादाखल प्रांताचं उत्पन्न ४०० कोटी पेसो धरलं तर निधी २० कोटी, त्यातले तातडीचे ६ कोटी. १२ जानेवारी २०२० ला ताल ज्वालामुखी उसळला, इशारा चौथ्या पातळीवर गेला आणि १४ किलोमीटरच्या आतली गावं रिकामी करावी लागली. तेव्हा बातांगासला याच खात्यातून हात घालावा लागला. वर्ष नुकतंच लागलं होतं, म्हणून निधी भरलेला होता. हेच डिसेंबरमध्ये झालं असतं तर कथा वेगळी झाली असती. उरलेली रक्कम बुडत नाही, पाच वर्षं विश्वस्त खात्यात राहते. तरी बरेच प्रांत वर्षअखेर घाईघाईने जाकिटं आणि बोटी घेऊन ती संपवतात.

कारकिर्दीत ‘निलंबित’ हा शब्द आला तर कोणी निलंबित केलं ते पाहा. लोकपाल सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी निलंबन करू शकतो. स्थानिक शासन कायद्याखाली गव्हर्नरला राष्ट्राध्यक्ष निलंबित करतो, पण एका वेळी जास्तीत जास्त ६० दिवस, आणि निवडणुकीच्या ९० दिवस आधी नव्याने नाही. तेवढा काळ उपगव्हर्नर काम पाहतो. जुन्या खटल्यांमध्ये एक गंमत दिसेल: प्रशासकीय चौकशी चालू असताना माणूस पुन्हा निवडून आला की चौकशी गुंडाळली जाई. ‘मतदारांनी माफ केलं’ असा हा सिद्धांत, कागायानच्या गव्हर्नरच्या १९९२ च्या खटल्यावरून त्याला ‘अगिनाल्दो सिद्धांत’ म्हणतात. फौजदारी गुन्ह्याला तो कधीच लागू नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला, पण पुढच्या काळापुरता. म्हणून त्याआधीच्या आणि नंतरच्या कारकिर्दी एकाच मापाने तोलू नयेत.

निवडणुकीच्या खर्चावर फार वेळ घालवत नाही. कायद्यातली मर्यादा १९९१ पासून तीच आहे: पक्षाच्या उमेदवाराला प्रत्येक नोंदणीकृत मतदारामागे ३ पेसो, अपक्षाला ५. १८ लाख मतदार धरले तर पक्षाच्या गव्हर्नर उमेदवाराला ५४ लाख पेसो. आजच्या भावात यात प्रांतभर फलकही लागत नाहीत. निवडणुकीनंतर ३० दिवसांत सगळे हिशेब भरतात आणि कागदावर सगळे मर्यादेत बसतात.

पक्षांचं नाव वाचून विचारसरणी शोधायला जाऊ नये. नवा राष्ट्राध्यक्ष आला की प्रांतांतले नेते त्याच्या पक्षात जातात, सहा वर्षांनी पुन्हा दुसरीकडे. अशा माणसाला तागालोगमध्ये ‘बालिंबिंग’ म्हणतात, म्हणजे करंबळ. कसंही फिरवलं तरी नवी बाजू दाखवणारं फळ. कोकणातल्या याच ‘करंबळ’ शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘कॅरंबोला’ केला असं मानतात, त्यामुळे ही शिवी मराठी माणसाला चटकन चाखता येते. दुसरा शब्द ‘त्रापो’, म्हणजे परंपरागत राजकारणी. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ फडकं.

आणखी जुनी माहिती वाचताना १९८६ ते १९८८ जपून वाचा. हुकूमशहा मार्कोस यांचं सरकार पडल्यावर निवडून आलेल्या स्थानिक अधिकाऱ्यांच्या जागी प्रभारी नेमले गेले. त्यामुळे त्या दोन वर्षांतला ‘गव्हर्नर’ बहुधा निवडून आलेला नसतो. स्थानिक निवडणूक १८ जानेवारी १९८८ ला झाली आणि ती पहिली मुदत थेट ३० जून १९९२ पर्यंत चालली. नागा शहराचे महापौर जेसी रोब्रेदो यांच्या नावापुढे १९८८–१९९८ अशी दहा वर्षं दिसतात, त्याचं कारण हेच. मुदती तीनच आहेत. नंतर तीन वर्षं बाहेर, मग २००१ ते २०१० पुन्हा तीन मुदती. त्या मधल्या काळात, २००० मध्ये, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोच जो विनोबांना १९५८ मध्ये आणि बाबा आमट्यांना १९८५ मध्ये मिळाला. ज्यांच्या नावाने तो दिला जातो ते रामोन मॅगसेसेही साम्बालेस प्रांतातून काँग्रेसमध्ये गेलेले नेते होते, हे आपल्याकडे कमी लोकांना माहीत असतं. नागाबद्दल आणखी एक खूण: हे शहर भूगोलाने कामारिनेस सूर प्रांतात असलं तरी त्याच्या सनदेनुसार तिथले मतदार प्रांताच्या गव्हर्नरला मत देत नाहीत. म्हणून नागाचा लोकप्रिय महापौर प्रांतात आपोआप ताकदवान ठरत नाही. गव्हर्नर व्हायचं तर आधी वर्षभर प्रांताच्या मतदारांत राहायला जावं लागतं. लिपा आणि बातांगास ही शहरं मात्र प्रांताला मत देतात, त्यामुळे तिथला महापौर सरळ वर चढू शकतो.

राहिला मंदानास यांचा २०२५ चा प्रश्न. गव्हर्नर म्हणून तिसरी मुदत संपली, पद बदलणं भाग होतं. १२ मे २०२५ च्या निवडणुकीत ते उपगव्हर्नरपदाला उभे राहिले आणि विल्मा सांतोस यांचा मुलगा लुईस मान्झानो याला हरवून निवडून आले. त्याच मतदानात गव्हर्नर झाल्या विल्मा सांतोस. म्हणजे ऑक्टोबरच्या १६ तारखेपर्यंत अंदाजपत्रक त्यांनी मांडायचं, आणि ते ज्या मंडळापुढे जातं त्याच्या अध्यक्षस्थानी मंदानास.